पाच दानं आणि चार चिंचोके

मागच्या रविवारी भाची आली होती, दहावीला आहे. आल्या आल्या दप्तरातून गणित भाग १ चं पुस्तक काढलं, पाचवा धडा उघडला आणि म्हणाली, "मावशी, हा धडा मला येतो पण कळत नाही." इतकं नेमकं बोलली पोरगी, की मी हातातली भाजी तशीच ठेवून तिच्याजवळ जाऊन बसले. संभाव्यतेचं सूत्र एका ओळीत मावतं, हव्या त्या निष्पत्ती किती, एकूण निष्पत्ती किती, भागाकार करा, झालं, मार्कही पटापट मिळतात. पण त्या भागाकाराच्या आधी एक अट असते, सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य असल्या पाहिजेत म्हणजे प्रत्येकीला घडायची सारखीच संधी पाहिजे, आणि पुस्तकात ही अट एवढ्याशा जागेत येऊन जाते, मग नाणी, फासे, पत्त्यांचा कॅट सुरू होतात आणि पुढची सगळी गणितं ती अट पाळलेलीच आहे असं धरून चालतात. अवघड सगळं त्या अटीत आहे आणि आपण सोडवत बसतो ते भागाकार.

तिचं अडलं होतं ते अगदी पहिल्या-दुसऱ्या गणिताला. दोन नाणी एकदम फेकली, दोन्हींवर छापा येण्याची संभाव्यता किती. तिने लिहिलं होतं १/३, वर लाल पेनाची फुली, बाजूला १/४. मी विचारलं तीन कसे आले गं? "दोन्ही छापा, दोन्ही काटा, नाहीतर एक छापा एक काटा. तीनच तर गोष्टी होऊ शकतात ना." मग सरांनी काय सांगितलं? "छापा-काटा आणि काटा-छापा वेगळे धरायचे. पण का वेगळे धरायचे? नाणी सारखीच आहेत, टेबलावर पडल्यावर कुठलं कुठलं ते कुणाला कळतंय?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, अजूनही वाटतोय. तो चुकीचा नाहीच. आपण असं धरून चालतो की गोष्टींची यादी केली की त्या आपोआप एका वजनाच्या होतात, तीन नावं आहेत म्हणजे तीन सारखे वाटे. पण यादी आपण केलेली असते, नावं आपण दिलेली असतात, नाण्यांना त्याचा पत्ताच नसतो.

मी पर्समधून दोन नाणी काढली, एक दहाचं, ते दोन रंगांचं असतं ते, आणि एक दोन रुपयांचं. म्हटलं आता फेक, आणि वहीच्या मागच्या पानावर रेघा मारत जा. दहा-बारा वेळा झाल्यावर काहीच दिसत नव्हतं, तिला कंटाळा आला, मग चाळीसपर्यंत गेलो तेव्हा 'एक-एक'च्या खाली रेघांचे गठ्ठेच्या गठ्ठे आणि बाकी दोघांच्या खाली निम्म्याच्या आसपास. तिने पान थोडं लांब धरून बघितलं आणि मग स्वतःच म्हणाली, "अगं, एक-एक दोन वाटांनी येतं. दहाच्यावर छापा नाहीतर दोनच्यावर छापा." मी म्हटलं, बरोबर, आणि नाणी अगदी सारखी दिसणारी घेतलीस तरी वाटा दोनच राहतात, फक्त तुला त्या दिसत नाहीत. आपल्याला फरक दिसला नाही म्हणून तो नसतो असं थोडंच आहे.

मग तिला दालांबेरची गोष्ट सांगितली. अठराव्या शतकातला फार मोठा फ्रेंच गणिती, ताणलेली तार छेडल्यावर कशी हलते त्याचं समीकरण मांडणारा माणूस. दिदेरो नावाच्या लेखकाबरोबर त्याने जो प्रचंड विश्वकोश काढला त्याच्या चौथ्या खंडात, १७५४ साली, छापा-काट्यावर त्याचा लेख आहे. प्रश्न असा की नाणं दोनदा फेकायचं, निदान एकदा छापा येण्याची शक्यता किती? सगळे म्हणत होते चारात तीन. दालांबेर म्हणाला, थांबा, पहिल्याच फेकीत छापा आला की खेळ संपला, दुसऱ्यांदा फेकायचंच कशाला, म्हणजे प्रकार तीनच, पहिल्यालाच छापा, किंवा काटा मग छापा, किंवा काटा मग काटा, त्यातले दोन आपल्या बाजूचे, म्हणून उत्तर तीनात दोन. भाचीचा चेहरा एकदम खुलला. इतका मोठा माणूस पण तेच चुकला! चूक तीच, यादी बरोबर होती, तिन्ही गोष्टी खरंच घडू शकतात, पण 'पहिल्यालाच छापा' ह्या एकट्याचं वजन बाकी दोघांच्या बेरजेइतकं आहे, ते त्याने बघितलं नाही. मला ह्या माणसाबद्दल एक आपुलकी आहे, कारण सगळे म्हणतात म्हणून त्याने मान डोलावली नाही, पटलं नाही तर पटलं नाही म्हणून छापून टाकलं, आणि त्याच्या त्या चुकीमुळेच पुढे कित्येकांना 'सारखे प्रकार म्हणजे नक्की काय' हे बोलावं लागलं.

चहा झाला आणि मला आजीचा डबा आठवला. माळ्यावरून काढला. बोर्नव्हिटाचा जुना पत्र्याचा डबा, त्यात एक कापडी पिशवी, पिशवीत सोंगट्या म्हणून वापरायची बांगड्यांची काचं आणि चार चिंचोके. अर्धे घासलेले. ज्यांनी चिंचोके घासलेत त्यांना सांगायला नको, पायरीच्या दगडावर चिंचोका बोटांनी दाबून धरून घासत राहायचं, तो तापतो, मग शेजारी बसलेल्या भावंडाच्या दंडाला टेकवायचा, ते किंचाळतं, परत घासायचं, असं करत एका बाजूचं तपकिरी साल आणि अर्धं पोट झिजून आत पांढरं सपाट निघतं. दुसरी बाजू तशीच, तपकिरी, चकचकीत, फुगीर. असे चार चिंचोके म्हणजे आमचा फासा. साताऱ्याकडे आमच्या गावी उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारभर चल्लस-आठ चालायचं, फरशीवर खडूने पाच बाय पाचचा पट, फुल्या मारलेली घरं, आणि आजी भिंतीला टेकून पाय लांब करून बसलेली, चिंचोके ओंजळीत खुळखुळवून टाकायची.

दान असं मोजायचं, एक पांढरा वर आला तर एक, दोन आले तर दोन, तीनाला तीन, चारी पांढरे म्हणजे चार, आणि एकही पांढरा नाही, चारी तपकिरी, म्हणजे आठ. चार आणि आठाला परत टाकायला मिळायचं. म्हणजे दानं पाच, एक, दोन, तीन, चार, आठ. भाचीला विचारलं, आठ पडायची संभाव्यता किती? ती आता सावध झाली होती. १/५ म्हणाली नाही. वही घेतली, चिंचोक्यांना अ, ब, क, ड नावं दिली आणि सोळा ओळी लिहिल्या, पांढरा-तपकिरीच्या, सगळ्या. मग मोजलं. एक पांढरा चार प्रकारांनी, दोन पांढरे सहा प्रकारांनी, तीन पांढरे चार, चारी पांढरे एका प्रकाराने, चारी तपकिरी पण एकाच. "१/१६," ती म्हणाली. "चाराचे पण १/१६ आणि आठाचे पण १/१६. मग आठाला दुप्पट का देतात? दोन्ही सारखेच दुर्मिळ आहेत की."

मी काहीच बोलले नाही. चिंचोके तिच्या हातात दिले. मला आठवत होतं, आजीच्या घरी चार बऱ्यापैकी पडायचे, आठासाठी मात्र जीव जायचा, आठ पडला की शेजारच्या खोलीत झोपलेले मामा उठून यायचे एवढा आरडाओरडा. तिने एकच चिंचोका घेतला, शंभर वेळा टाकला, सतरंजीवर, रेघा मारत. पांढरी बाजू साठीच्या आसपास. परत शंभर. परत तसंच काहीतरी. तिने चिंचोका डोळ्याजवळ नेला. फुगीर पाठीवर तो होडीसारखा डोलत होता, सपाट पोट वर करून थांबत होता. पालथा पडायला त्याला सपाट बाजूवर नेमकं यावं लागत होतं. "मावशी, हा सारखा नाहीच आहे."

नाहीच आहे. आणि एवढ्याशा असारखेपणाने काय होतं ते बघा. समजा दहात सहा वेळा पांढरी आणि चार वेळा तपकिरी. मग चारी पांढरे शंभरात जवळजवळ तेरा वेळा आणि चारी तपकिरी शंभरात अडीच वेळा. म्हणजे चार आणि आठ ह्यांच्यात पाचपट फरक! सोळा ओळी लिहिल्या तेव्हा दोघांना एकेकच ओळ होती, मोजणी बिनचूक होती, पण त्या सोळा ओळी एकमेकींच्या तोलाच्या होत्या हे आम्ही न बघता गृहीत धरलं होतं. नाण्यांच्या वेळी आमची चूक नावांची होती, तीन नावं म्हणजे तीन सारखे वाटे. इथे यादी अगदी बारीक केली तरी चूक राहिलीच, कारण ह्या वेळी ती वस्तूच्या अंगात होती. चिंचोक्याला पोट आहे आणि पाठ आहे, त्या दोन्ही एकसारख्या नाहीत, हे वहीत कितीही मोजलं तरी सापडत नाही, त्याला चिंचोका हातात घ्यावा लागतो.

आजीला अपूर्णांक येत होते की नाही मला ठाऊक नाही, शाळा तिसरीनंतर सुटली. पण तिच्या पटावर आठाला चाराच्या दुप्पट किंमत होती आणि तिच्या चिंचोक्यांना ती शोभत होती.

मग भाचीने साहजिकच विचारलं की फाशाचं तरी काय, तो तर कारखान्यात बनतो. वेल्डन नावाचे एक इंग्लिश प्राणिशास्त्रज्ञ होते, त्यांनी १८९४ च्या सुमारास बारा फासे एकदम टाकायचा उद्योग केला, २६,३०६ वेळा. म्हणजे फासे मोजले तर तीन लाखाच्या वर. पाच किंवा सहा पडायला हवे तिनात एकदा, पडले त्याहून थोडे जास्त, हजारात ३३३ च्या ऐवजी साधारण ३३८. फरक नखाएवढा, पण इतक्या फेकींमध्ये तो योगायोग म्हणून सोडता येत नाही. कारण असं सांगतात की फाशावरचे ठिपके खोदून काढलेले असतात, सहाच्या बाजूला सहा खड्डे म्हणजे ती बाजू हलकी, समोर एकाची बाजू जड, मग जड खाली हलकी वर. ठिपका खोदल्याने संभाव्यता हलते! भाची हे ऐकून बराच वेळ सापशिडीचा फासा नखाने खरवडत बसली होती.

आणि नाण्याचं सुद्धा, ज्याच्यावर सगळं पुस्तक उभं आहे. २०२३ मध्ये आम्स्टरडॅमच्या संशोधकांनी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी मिळून ४८ जणांकडून ३,५०,७५७ वेळा नाणी उडवून घेतली, अंगठ्याने, हवेत, हातात झेलून. छापा आणि काटा ह्यांच्यात पक्षपात दिसला नाही. पण उडवताना जी बाजू वर होती तीच बाजू परत वर यायचं प्रमाण निघालं सुमारे ५०.८ टक्के. म्हणजे टॉस सारखा आहे तो आपण सुरुवातीची बाजू बघत नाही म्हणून. मला हे कळलं तेव्हा जरा धक्काच बसला होता, नाणं समसंभाव्य आहे म्हणतो तेव्हा त्यातलं थोडंसं नाण्याचं असतं आणि थोडंसं आपल्या न बघण्याचं.

हे 'न बघणं' मात्र फार जपून वापरायला हवं. मला ते कळलं चार वर्षांपूर्वी. छातीत गाठ लागली होती हाताला, आंघोळ करताना. सोनोग्राफी झाली, डॉक्टरांनी सुईची तपासणी करायला सांगितली, रिपोर्टला पाच दिवस. त्या पाच दिवसांत घरातले एक मोठे, प्रेमाने, मला धीर द्यायलाच आलेले, म्हणाले, "हे बघ, एकतर असेल नाहीतर नसेल, फिफ्टी-फिफ्टी." त्यांचा हेतू फार चांगला होता, पण त्या शब्दाने मी दोन रात्री झोपले नाही. फिफ्टी! नाणं उडवल्यासारखं. तिसऱ्या दिवशी मी डॉक्टर मॅडमना फोन करून विचारलंच, की खरंच अर्धं-अर्धं आहे का हो? त्या म्हणाल्या, "कुणी सांगितलं? तुमच्या वयात अशा गाठी बहुतेक साध्याच निघतात, गाठ हलते आहे, कडा गुळगुळीत दिसतायत, पण तपासल्याशिवाय मी सोडणार नाही म्हणून सुई घातली." बस, एवढंच. पण त्या क्षणी माझ्या अंगातलं काहीतरी सैल झालं. दोनच शक्यता आहेत म्हणजे त्या सारख्या आहेत असं नाही. आपल्याला काही माहीत नाही हे एक विधान आहे आणि दोन्हींचा संभव सारखा आहे हे पूर्ण वेगळं विधान आहे, आणि दुसरं करायचं तर गाठीबद्दल, वयाबद्दल, आधीच्या हजारो बायकांबद्दल काहीतरी माहीत असावं लागतं. माझं अज्ञान होतं ते माझ्या डोक्यात होतं, गाठीला त्याच्याशी काय देणंघेणं.

रिपोर्ट साधा आला. त्यावरून डॉक्टर बरोबर आणि काका चूक असं मी म्हणत नाही, एका रिपोर्टवरून संभाव्यता सिद्ध होत नसते, वाईट आला असता तरी डॉक्टरांचं म्हणणं बरोबरच राहिलं असतं. पण कुणी आजारी असेल, ऑपरेशन असेल, तर कृपा करून त्या माणसापाशी फिफ्टी-फिफ्टी हा शब्द काढू नका. विचारा डॉक्टरांना. खरा आकडा कधी कमी निघेल कधी जास्त, पण तो काहीतरी बघून आलेला असेल.

आता जिथे खरंच सारखी संधी हवी असते तिथे ती कुठून येते? ती कुणीतरी कष्ट करून आणावी लागते. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या चिठ्ठ्या काढल्या होत्या, स्टीलच्या डब्यात, वॉचमनच्या छोट्या मुलीकडून. फ्लॅट नंबरच्या क्रमाने चिठ्ठ्या लिहिल्या, घड्या घातल्या, क्रमाने टाकल्या, डबा दोनदा हलवला. पोरीने वरवरच्या उचलल्या. शेवटच्या विंगवाल्यांना चांगल्या जागा. कुणी लबाडी केली नव्हती, सगळ्यांना वाटत होतं की चिठ्ठी म्हणजे न्याय. मी आणि तळमजल्यावरच्या एक आजी हटून बसलो, परत काढायला लावलं, सगळ्या चिठ्ठ्या एका मापाच्या, एकाच कागदाच्या, चादरीवर ओतून चांगल्या कालवून. दोन-तीन जण अजून नीट बोलत नाहीत माझ्याशी, पण मला ते बरोबरच वाटतं.

कारण हीच गोष्ट अमेरिकेत जिवावर बेतली होती. १ डिसेंबर १९६९, व्हिएतनामच्या युद्धावर कुणाला पाठवायचं त्याची सोडत. वर्षाचे ३६६ दिवस, प्रत्येक तारखेची एक प्लॅस्टिकची कुपी, ज्या तारखेची कुपी आधी निघेल त्या तारखेला जन्मलेल्या पोरांना आधी बोलावणं. पहिली निघाली १४ सप्टेंबर. कुप्या महिन्यामहिन्याने भरल्या होत्या, जानेवारी आधी, डिसेंबर शेवटी, आणि नीट मिसळल्या नाहीत. सगळं सारखं असतं तर कुठल्याही महिन्याचा सरासरी क्रमांक १८३ च्या आसपास यायला हवा, डिसेंबरच्या तारखांचा आला साधारण १२१. म्हणजे डिसेंबरात जन्मलेल्या पोरांची नावं लवकर लागली, का, तर एक खोकं पुरेसं हलवलं नाही. पुढच्या सोडतीला मग दोन वेगवेगळी पिंपं घेतली, एकात तारखा एकात क्रमांक, आणि मिसळण्याची नीट काळजी घेतली.

आपल्याकडे निवडणुकीत दोघांना सारखी मतं पडली की चिठ्ठी टाकतात, पेपरात त्याला ईश्वरचिठ्ठी म्हणतात. २०१७ च्या मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत २२० नंबरच्या वॉर्डात असंच झालं होतं, परत मोजूनही बरोबरी सुटली नाही, मग चिठ्ठीने नगरसेवक ठरला. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हाही काचेची बरणी असते आणि चिठ्ठी काढायला शाळेतलं एखादं लहान मूल बोलावतात. मला त्या लहान मुलाच्या हाताबद्दल नेहमी वाटतं, की लोकांना न शिकवता कळलंय, सारखेपणा हवा असेल तर असा हात हवा ज्याला काय हवंय तेच माहीत नाही. पण नुसता हात पुरत नाही हो, बरणीही ढवळावी लागते.

धड्याच्या सरावात आणखी एक गणित होतं, भाचीने वाचून दाखवलं, एका कुटुंबात दोन मुलं आहेत, दोन्ही मुली असण्याची संभाव्यता काढा. तिने झटकन १/४ काढलं आणि पुढे गेली. मी तिथेच थांबले. माझी आई पाच बहिणींतली चौथी. दर वेळी आजीला गावात सांगायचे, दोन झाल्या, आता मुलगाच, तीन झाल्या, आता तर होणारच. जणू पोट हिशोब ठेवतं. पोट काही लक्षात ठेवत नाही, नाणंही ठेवत नाही, मागच्या फेकी पुढच्या फेकीला दिसत नाहीत. सहाव्या खेपेला मामा झाला तेव्हा लोक म्हणाले बघ म्हटलं होतं ना. आणि मधली आठ-दहा वर्षं आजीने जे ऐकून घेतलं त्याचं काय.

निसर्गात हे जवळजवळ सारखं आहे, अगदी सारखं नाही, शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. जॉन आर्बथनॉट नावाच्या डॉक्टरांनी लंडनमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी चाळून १७१० सालीच दाखवलं होतं की सलग ८२ वर्षं दर वर्षी मुलगेच थोडे जास्त. म्हणजे पुस्तकातलं १/४ थोडं ठोकळ आहे, चालेल, दहावीला चालतंच. पण २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली ८९४. हा आकडा नाण्याचा नाही. इथे कुणीतरी नाणं पडल्यावर उलटवलंय, सोनोग्राफीच्या खोलीत. गर्भलिंग तपासणीवर देशातला पहिला कायदा आपल्याच राज्याने केला, १९८८ ला, आणि तरीही हा आकडा. मी भाचीला हे सांगितलं, सांगू की नको असं क्षणभर वाटलं, पण ती पंधरा वर्षांची मुलगी आहे आणि गणित तिच्याचबद्दल आहे. ती म्हणाली, "म्हणजे पुस्तकात समसंभाव्य लिहिलंय ते, लोकांनी काही केलं नाही तर." हो. लोकांनी काही केलं नाही तर.

निघायच्या आधी तिने परत तो पहिला प्रश्न काढला. नाणी अगदी, अगदी सारखी असतील, कुठलीच खूण नाही, तर छापा-काटा आणि काटा-छापा एकच नाही का होणार कुठेतरी? आणि मला इतका आनंद झाला, कारण आहे, तशी जागा आहे! १९२४ साली ढाक्याच्या विद्यापीठात सत्येंद्रनाथ बोस नावाचे एक तिशीतले प्राध्यापक होते. प्रकाशाच्या कणांची मोजणी करताना त्यांनी मांडलेला हिशोब असा, की ह्या कणांना अ आणि ब अशी नावं देताच येत नाहीत. दोन कण दोन खणांत ठेवायचे तर आपण चिंचोक्यांसारखे चार प्रकार मोजू, पण त्यांच्या हिशोबात तीनच, दोन्ही इकडे, दोन्ही तिकडे, एक-एक. आणि तिन्ही सारख्या वजनाचे. १/३! तिने वहीत लिहिलेलं उत्तर. लेख त्यांनी आइनस्टाइनना पाठवला, आइनस्टाइननी स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून छापून आणला, आणि आज ज्या कणांना बोसॉन म्हणतात ते नाव ह्याच माणसाचं. नाण्यांसाठी जी मोजणी चूक ती प्रकाशासाठी बरोबर. कुठली यादी समसंभाव्य धरायची हे वहीत बसून ठरत नाही, प्रकाशाला जाऊन विचारावं लागतं. तिने लाल फुलीच्या शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात 'बोस' असं लिहून ठेवलं.

चिंचोके ती घेऊन गेली, मीच दिले. काल रात्री तिचा फोन. "मावशी, मी एकाची पाठ पण घासतेय, गच्चीच्या कठड्यावर. दोन्हीकडून सपाट झाला की सारखा होईल ना?" बघ करून, म्हटलं. "पण दोन्ही बाजू पांढऱ्या झाल्यात, म्हणून एका बाजूला ठिपका दिलाय. खोदला नाहीये हं, स्केचपेनने नुसता काढलाय." मग मधेच ओरडली, मी म्हटलं काय झालं गं?

"काही नाही, चटका बसला."